दाराबाहेरच्या लहान चपला

नवरा गेला तरी ड्रायव्हरबाईने बसची ड्युटी सोडली नाही. सोडून चालणारही नव्हतं. पोरीला शेजारणींनी आपसात वाटून घेतलं. पोर जिच्याकडे असेल, तिच्या दाराबाहेर पोरीच्या चपला. दमून आलेल्या बाईला कुणाला विचारावं लागत नसे. विचारायचा तिला धाकच होता. नणंदेने साफ बजावलं होतं, "शेजारी कंटाळले की पोरीला मी नेणार. माझ्या भावाची लेक लोकांच्या दारात वाढायला नको." म्हणून बाई सगळ्यांशी जपून, हसून बोलायची. कुणाला जड व्हायला नको.

त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावर चपला नव्हत्या. दुसऱ्यावरही नाहीत. तिसऱ्यावर शिंपीणकाकूंचे झिजलेले सँडल तेवढे. चौथ्यावर तिच्याच घराचं कुलूप.

नणंद येऊन पोरीला घेऊन गेली असणार. शेजारणींनीच बोलावलं असेल, गोडीगुलाबीने. दाराला कान लावत ती खाली उतरू लागली.

तिसऱ्या मजल्यावर आतून पोरीचं हसणं ऐकू आलं. तिने दार बडवलं.

"अगंबाई, हळू! कडी हातात येईल," गळ्यात मापाची टेप घातलेल्या काकू म्हणाल्या. चपला दिसल्या नाहीत हे ऐकून त्या हसल्या. "चिखलाने बरबटल्या होत्या गं. धुऊन बाल्कनीत टाकल्यात."

"कुणी सांगितलं धुवायला?" बाई ओरडली. "मला वाटलं, नेली तिला! एवढं कळत नाही तुम्हाला?"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. पोर रडायला लागली. बाईने तिला अनवाणीच उचललं आणि वर नेलं.

खरी भीती घरात शिरल्यावर वाटली. आपण ओरडलो कुणावर? जिच्या जिवावर ड्युटी चालते, तिच्यावर.

सकाळी पाळी काकूंचीच. कडी वाजवल्यावर आतलं शिलाई मशीन थांबलं. पण दार उघडेना. नणंदेला काय सांगायचं, याची बाई मनात जुळवाजुळव करू लागली.

दार उघडलं. काकूंनी पोरीला आत घेतलं.

"काकू, काल मी..."

"काल पहिल्यांदा माणसासारखी बोललीस. एरवी पाहुणीसारखी यायचीस, माझाच जीव घुसमटायचा. उरलेलं भांडण संध्याकाळी. जा, बस चुकेल."

"माझ्याशिवाय कशी सुटेल?" बाई कसंबसं म्हणाली.

जिना उतरताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. दार अजून उघडंच होतं.