पोट्टीच्या कॉम्प्युटरातला समुद्र

प्रेरणा म्हणजे माह्या मोठ्या भावाची पोरगी. वडनेर भोलजीत कोणी विचारलं, "काय करून राह्यली वं?" तर म्हणे, "समुद्र बनवून राह्यली." सारे हसत. मीबी हसलो, खोटं काऊन बोलू?

पण काम खरं होतं. कोट्यवधी वर्षांमागं समुद्रातले बारीक जीव मरून तळाशी बसले, त्यांच्यावर गाळ चढला, दाबून दाबून काळा खडक झाला. त्याच खडकातून पुढं तेल सुटते. तो कुठं, किती खोल असल, हे ही पोट्टी कॉम्प्युटरवर मांडून काढे.

आता पाहा गंमत! तेलासाठी खोदलेल्या जुन्या विहिरींतून निघालेला खडक काळाकुट्ट, अन् हिच्या कॉम्प्युटरात तोच फिक्कट, म्हणजे जिवांचा कस कमी. तीन वर्षं डोकं फोडलं. शेवटी ज्यांच्या हाताखाली ती हे काम करे, त्या नागपूरच्या सरांनी सांगतलं, "नवी विहीर खोदणार आहेत. काळा खडक किती खोल लागेल, ते आधी कळव. चुकलीस, तर हे काम इथंच थांबवू." पोट्टी जेवेना.

उन्हाळ्यात मी तलावातला गाळ वावरात टाकत होतो. ती बांधावर उभी होती. ट्रॉली रिकामी झाली तसा मी म्हनलो, "जितका गाळ, तितकी जमीन कसदार!"

ती मटकन खालीच बसली. "काका, हेच त माहं चुकलं! म्या समुद्रातबी वावरासारखा गाळ ओतला!"

"मंग?"

"तिथं उलटं हाय! गाळ जास्त झाला का जिवांचा कस पातळ होते, डाळीत पाणी वाढवल्यावानी. गाळ हळूहळू पडाले पाहिजे, अन् तळाले हवा लागाले नको, नाईतर सारं सडून जाते."

शेतकऱ्याची पोर ना! गाळ म्हनलं का चांगलाच. म्या कपाळाले हात मारला. ती घरी पळाली, गाळ कमी केला, अन् स्क्रीनवरचा खडकाचा पट्टा असा काळा झाला, का मीच ओरडलो, "अरे बाप रे!" तिनं त्याच दिवशी सरांले खडक किती खोल लागल ते कळवलं.

मंग गावाचा तगादा. "तेल निघालं का, निवृत्तीभाऊ?" "अरे, तेल नाई, खडक पाहाचा हाय बे!" सांगू सांगू तोंडाले फेस आला माह्या.

पोळ्याच्या आधी सरांचा फोन आला. तिनं फोन माह्या हाती देला, अन् स्पीकर म्याच लावला. "प्रेरणा, काळा खडक लागला. तू सांगितलंस तितक्याच खोलीवर."

म्या अशी आरोळी ठोकली, का शेजारीपाजारी धावत आले! अन् पोट्टी? ढसाढसा रडू लागली.

"रड, रडून घे," मी म्हनलो. "पण आता पुढची विहीर कुठं खोदाची, हे कोण सांगते?"

तिनं नाक पुसलं. "मी."