जूनने गाळलेलं प्रकरण

लान आन्टींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात बँकेच्या नोंदी जुळवत बसले होते. त्या सहसा फोन करत नाहीत. "जून नो मोर अल्रेडी," त्या म्हणाल्या. मागे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. मी बरं म्हटलं, थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि पुढच्या नोंदीवर आले. ती जुळली. तिच्या पुढचीही जुळली. संध्याकाळी नेहमीच्या एमआरटी ट्रेनने घरी आले, कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत थांबून सासूबाईंना सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या जूनबाई गेल्या. त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. येईल म्हणून वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडून दिलं. लिहून बघावं, एवढंच सुचतंय.

जून टॉलमन ही अमेरिकन कादंबरीकार. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल; तिकडे तरी आता किती जणांना असेल कोण जाणे. आम्ही पुण्याहून सिंगापूरला येऊन काही वर्षं भाड्याच्या कॉन्डोत काढली आणि मग बुकित बातोकला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा ती आमच्याच ब्लॉकमध्ये वर राहत होती. साठी ओलांडलेली, उंच, पांढऱ्या केसांचा आखूड कट, पायात कायम रबरी चपला. ती लेखिका आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लिफ्टमध्ये माझ्या हातातली मराठी कादंबरी बघून तिने विचारलं, ही कुठली लिपी? मी सांगितलं. मग म्हणाली, एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव. तिचा मजला आला, गेला, लिफ्ट परत खाली आली आणि मी वाचतच होते. तिला अर्थ नको होता. वाक्य कुठे श्वास घेतं ते ऐकायचं होतं, असं ती म्हणाली.

पहिल्यांदा घरी आली तेव्हा नाव ऐकून सासूबाईंनी मला विचारलं, "जून? म्हणजे भेंडी होते तशी?" मी संकोचून विषय बदलायला गेले, पण जूनने सोडलं नाही, अर्थ काढूनच घेतला. नंतर ती कितीतरी दिवस तेच सांगत फिरत होती. समीक्षकांना जे म्हणायला वीस वर्षं लागली ते या बाईंनी चहा व्हायच्या आत म्हटलं, असं म्हणायची. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारी जून खाली यायची, सासूबाई भाजी निवडायच्या आणि ती बाजूला बसून वाचायची. माझी मुलगी सई तिला "आन्टी जून, यू ऑल्वेज रीडिंग लाह" म्हणायची. तेवढंच तिचं आमच्या घरातलं वर्णन.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, पण त्यातला मोठा तुकडा तिने पुलाउ उबीनवर सांगितला. तिचा नवरा सेंग त्या बेटावर जन्मला होता. मी त्याला पाहिलेलं नाही. आम्ही राहायला येण्याआधीच तो कॅन्सरने गेला होता. त्याचे वडील तिथल्या ग्रॅनाइटच्या खाणीत कामाला होते. एका शनिवारी जून मला म्हणाली, चल, मला धक्का बघायचाय. चांगीहून छोट्या बम्बोटीत, म्हणजे इंजिनाच्या होडीत बसलो. सगळी तरुण मंडळी सायकली चालवायला निघालेली, आम्ही दोघीच धक्क्यावर उतरून तिथेच थांबलो. ती फळ्यांवरून अगदी टोकापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग शहाळं घेऊन आम्ही झाडाखाली बसलो आणि तिने एकदम आपल्या आईबद्दल बोलायला सुरुवात केली.

नेब्रास्कात मक्याच्या शेतांमध्ये तिचं गाव होतं. थोरला भाऊ वॉल्टर व्हिएतनामहून परत आला तो न बोलणारा होऊन. घरातल्या कुणीही त्याला काही विचारलं नाही आणि एका हिवाळ्यात त्याने गोठ्यात गळफास घेतला. गावाला अपघात असं सांगण्यात आलं. जूनने पुढे त्याच्यावर कादंबरी लिहिली. नाव बदललं होतं, पण गोठा तोच, आई तीच, आईचं ते न विचारणंही तेच. ते तिचं पहिलं पुस्तक. फार गाजलं. बक्षीस मिळालं, कॉलेजांमधून शिकवलं गेलं, तिशीच्या आत-बाहेर असलेली जून न्यूयॉर्कमध्ये मोठ्या माणसांच्या पंक्तीला जाऊन बसली. आईने ते पुस्तक गावच्या वाचनालयातून आणलं, वाचलं, परत केलं. जूनशी ती त्यानंतर कधी बोलली नाही. आई गेली तेही तिला सगळं उरकल्यावर कळलं.

मी विचारलं, पुस्तकात काही खोटं होतं का? "नाही," ती म्हणाली. "तेच तर. खोटं असतं तर ती भांडली असती."

पुढच्या दोन कादंबऱ्या चालल्या नाहीत. प्रकाशकाने सोडलं. मग कॉलेजात लेखन शिकवण्याची नोकरी, तिथे शिकायला आलेला सेंग, पुरेसं वय झाल्यावर केलेलं लग्न आणि सिंगापूर. दोनेक वर्षांसाठी म्हणून आली होती. सेंग गेल्यावर सगळ्यांना वाटलं आता ही परत जाईल. परत कुठे, हे कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणायची. तक्रार म्हणून नव्हे, बसचा मार्ग बदललाय हे सांगावं तसं.

त्याच काळात ती सेंगच्या घराण्यावर कादंबरी लिहीत होती. बरीच वर्षं चाललेलं काम होतं. सकाळी उठून ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी घ्यायची आणि मग दुपारपर्यंत दार बंद. पूर्ण झाली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, दर रविवारी माझ्याबरोबर तोआ पायोहला येशील का? सेंगची थोरली बहीण लान तिथे जुन्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. जूनला ती कादंबरी प्रकाशकाकडे जायच्या आधी तिला पूर्ण वाचून दाखवायची होती आणि ती नको म्हणेल ते काढायचं होतं. लान आन्टींचं इंग्रजी कामापुरतं, जूनचं हॉकियन चिनी बाजारापुरतं. मी म्हटलं, मला तर हॉकियनचं अक्षर कळत नाही, मी काय करणार? "ती भिडेखातर हो म्हणाली तर मला कळणार नाही," जून म्हणाली. "तुला कळेल. तू सासूबरोबर राहतेस."

असे आमचे रविवार सुरू झाले. लान आन्टी टेबलावर संत्री सोलून ठेवायच्या, जून हळू वाचायची, अडलं की सोप्या इंग्रजीत सांगायची, अगदीच अडलं तर हातवारे. आन्टी ऐकताना चेहऱ्यावर काही दाखवत नसत. मध्येच म्हणत, कोंबड्या नव्हत्या, बदकं होती. जून पेन्सिलने दुरुस्त करायची. वडिलांचं खाणीतलं काम, पाय जायबंदी होणं, आईचं शिवणकाम, सगळ्याला त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं हे असंच पार पडेल.

मग ते प्रकरण आलं. वडील पडून राहिल्यावर आईने मुलीला, म्हणजे छोट्या लानला, शहरातल्या एका नात्यातल्या कुटुंबाकडे देऊन टाकलं. कामाला आणि वाढवायलाही, दोन्ही. मुलीला सांगितलं होतं की आपण कापड आणायला चाललोय. बम्बोटीत आईने तिला बसवलं आणि स्वतः उतरली. धाकटा भाऊ धक्क्यावरून होडीबरोबर धावत सुटला, फळ्या संपेपर्यंत. हे सेंगने जूनला आपल्या आजारपणात सांगितलं होतं. आपल्या भावाला हे आठवत होतं हेच लान आन्टींना माहीत नव्हतं. काही वर्षांनी त्या घरी परत आल्या तेव्हा कुणीच त्याबद्दल काही बोललं नव्हतं.

मी जूनच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या आहेत. गाजलेलीही. त्या प्रकरणाइतकं चांगलं तिने दुसरं काही लिहिलेलं नाही. वाचून झालं. संत्र्यांवर एक माशी बसली होती, ती मी बघत होते. लान आन्टी म्हणाल्या, "दिस वन कॅनॉट."

जूनने विचारलं, नावं बदलली तर? गाव बदललं तर? आन्टींनी नकारार्थी मान हलवली. मग शब्द जुळवत, थांबत थांबत त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की माझी आई मेली आहे, तिने असं का केलं ते सांगायला ती आता येऊ शकत नाही, मग फक्त तू सांगितलेलं राहील. जूनने वाद घातला नाही. पानं एकत्र केली, कडा टेबलावर आपटून नीट केल्या आणि लान आन्टींच्या हातात दिली. ही तुमची, म्हणाली. घरी येऊन तिने कॉम्प्युटरवरूनही ते प्रकरण काढून टाकलं. मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, एक प्रत तरी ठेव, कुणाला दाखवू नकोस, पण ठेव. ती म्हणाली, ठेवली तर मी एक दिवस छापेन. मी स्वतःला ओळखते.

कादंबरी एका छोट्या प्रकाशनाने काढली. परीक्षणं आली तीन-चार. सगळ्यांनी आदराने लिहिलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी म्हटलं की पुस्तकाच्या मधोमध काहीतरी नाही, भाऊ आयुष्यभर बहिणीसमोर मान खाली का घालतो ते कळत नाही, लेखिकेचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जूनने आमच्या स्वयंपाकघरात बसून मला ते वाचून दाखवलं. चष्मा काढला. सासूबाई भोपळा चिरत होत्या, त्यांना खुणेने विचारलं, आज काय? पुढे तिला एकदोनदा अमेरिकेहून मुलाखतीसाठी विचारणा झाली, तेव्हा ती सांगू शकली असती. नाही सांगितलं. नवीनही काही लिहिलं नाही. लान आन्टींकडे रविवारी जाणं मात्र चालू राहिलं. मी कधी जायचे, कधी नाही.

ती गेली दुपारच्या वेळी, स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवताना. लान आन्टी सूप घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडे किल्ली होती. मंडाईला तिचे अंत्यसंस्कार झाले. मंडाई म्हटलं की मला अजून पुण्याची मंडई दिसते, त्या दिवशीही बसमध्ये तेच, कोथिंबिरीचे ढीग वगैरे... थोडेच लोक होते. तिच्या देशातून कुणी आलं नाही.  सासूबाईंनी हात जोडले तेव्हा मीही जोडले.

पुढच्या रविवारी लान आन्टींनी मला बोलावलं. सूप वाढलं, मी ते प्यायले, चव लागली नाही. मग त्यांनी विचारलं, ते होडीचं, तुझ्याकडे आहे? मी म्हटलं, ती पानं तर तुमच्याकडे दिली होती. "आय बर्न अल्रेडी," त्या म्हणाल्या. त्याच वर्षी, चिनी पंचांगातल्या पितरांच्या सातव्या महिन्यात, ब्लॉकखाली ठेवलेल्या पिंपात सगळे कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात, तेव्हा त्यांनी ती पानं एकेक करून जाळली. आईला पोचावीत म्हणून. आईने वाचावं, आईला काही म्हणायचं असेल तर म्हणावं. मग त्या म्हणाल्या, पण माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला हसावं की काय करावं ते समजेना. 

"यू हिअर बिफोर," त्या म्हणाल्या. "यू टेल."

मी आठवत आठवत सांगायला लागले. जूनची वाक्यं माझ्याकडे नव्हती, फक्त गोष्ट होती. कापडाचं निमित्त. आईचं उतरणं. इंजिन सुरू होणं. धक्क्यावरून धावणारा मुलगा. तिथे त्यांनी मला हाताने थांबवलं आणि विचारलं, तो ओरडला का? जूनने काय लिहिलं होतं?

मला आठवत होतं. जूनने लिहिलं होतं की तो ताईला हाक मारत होता, पुन्हा पुन्हा, आणि इंजिनाच्या आवाजात ती कुणालाच ऐकू गेली नाही. मी तसं सांगितलं.  आन्टी म्हणाल्या, मला वाटायचं तो गप्प होता. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

तेव्हापासून मी रविवारी तोआ पायोहला जाते. सईची शिकवणी, घरचं सामान, सगळं उरकून दुपारी निघते. काय वाटतं म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही. जाते. मी येऊन बसले की लान आन्टी उठतात आणि पंखा बंद करतात. जून करायची. वाचताना पानं उडू नयेत म्हणून तिने ती सवय लावली होती. आता पानं नाहीत, तरी आन्टी बटण दाबतात, पाती हळूहळू थांबतात, खोली तापत जाते. त्या समोर येऊन बसतात. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगते.