तिचा कॉम्प्युटर उघडेना तेव्हा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरं मोठी केली. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं होतं, तवर मोठ्या अक्षरांवर भागवते म्हणाली. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ती खुर्चीवर बसली आणि मी शेजारी पेंडीच्या डब्यावर. तिनं सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं वाढवली, तर ती एवढी वाढली की समोरची चौकट पडद्यातच मावेना. खालचं 'लागू करा' हे बटण कुठं दिसेना.

"आता बस बोंबलत," मी म्हणालो. "बटण गेलं रानात."

"आवं, गेलं न्हाय, खाली लपलंय. मी आल्ट दाबून धरते, तुमी माऊसनं वर वढा."

तिच्या बोटांना संधिवात, दोन्ही हातांनी दोन कामं एकदम व्हायची नाहीत. तिनं आल्ट दाबून धरलं, मी माऊस ओढला, आणि चौकट वर सरकली. बटण दिसलं. तिनं ते दाबलं. मग म्हणाली, "बघा, तुमी पण शिकला की." मी म्हणालो, भाकरी टाक आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात खाली वाकली ती उठलीच नाही. बारामतीला पोचेपर्यंत संपलं होतं.

कॉम्प्युटर तिचाच होता. लेक पुण्याला नोकरीला आहे, तिच्या हापिसात जुनी मशिनं काढली तेव्हा तिनं एक आणून दिलं. जुन्या मशिनाला विंडोज जड जातं म्हणून त्याऐवजी लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी चौथी शिकलेला, ही सातवी. संधिवातानं पेन धरता येईना, पण एका बोटानं बटण दाबता येत होतं. ती रोज दुपारी बसून चार ओळी लिहायची. काय लिहायची ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, बायकांचं काहीतरी.

लेकीनं तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. मशिनात काही बदल करायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा. म्हणजे आत्ता जसं आहे तसं राखून ठेवायचं, बिघडलं तर तिथून परत आणायचं. हिनं मला ते आमच्या भाषेत सांगितलं होतं. "बेण्याचा, लागणीला राखलेला ऊस आपण कारखान्याला घालतो का? तसं हे बेणं हाय. मोडलं तरी ह्यातनं परत उगवतं." हे मात्र मला कळलं. निमगाव केतकीत उसावर हयात गेली, बेणं कळणार नाही तर काय.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. कॉम्प्युटरवर कुणीतरी टॉवेल टाकला होता. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "गेलेल्या मानसाची वस्तू घरात ठिवू न्हाय. लुगडी वाटली, तसं हे बी देऊन टाक कुणाला." मी म्हणालो, "तुजी म्हातारी गेल्यावर तू तुजा टीव्ही दे, मग मी हे देतो." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

माणसं गेली. लेक चार दिवस जास्त राहिली, तिलाही रजा संपल्यावर जावं लागलं. मग मी आणि दोन म्हशी.

रोज सकाळी धारा झाल्या की मी टॉवेल काढायचो आणि मशिन चालू करायचो. पासवर्ड मला ठाऊक होता, तिनं आमच्या जमिनीचा गट नंबर ठेवला होता. पडद्यावर तिनं लावलेली मोठी अक्षरं यायची. कोपऱ्यात एक ढाल असते, तिच्यावर ठिपका आला की नवीन सामान, लेक अपडेट म्हणते ते, आलेलं असतं, ते दाबून घ्यायचं. ती रोज घ्यायची म्हणून मीही घ्यायचो. मग स्नॅपशॉट घ्यायचो. ते बटण मी तिच्या शेजारी बसून बघितलं होतं. बाकी कशाला हात लावायचो नाही. तिच्या लिखाणाचा फोल्डर, ती त्याला कपाट म्हणायची, तोही उघडायचो नाही. न जाणो बोट लागायचं आणि पुसलं जायचं. आज आहे तसं राखलं, एवढं झालं की टॉवेल टाकून रानात जायचो. महिना-दीड महिना हेच चाललं. दिवसातलं ते एक काम मला बरं वाटायचं.

एक दिवस पासवर्ड टाकला तर पडदा काळा झाला आणि परत पासवर्डच्याच पानावर आला. मला वाटलं, चुकलं. परत टाकला. परत काळं, परत तेच पान. दहा वेळा केलं. चुकलं असतं तर चुकलं म्हणालं असतं. ते तसं म्हणत नव्हतं. आत घ्यायचं आणि लगेच बाहेर काढायचं.

लेकीला फोन करायचं माझं धाडस होईना. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवला का तात्या?" "जेवलो." "काय केलं हुतं?" "पिठलं." मग ती फोन ठेवायची. तिला काय सांगणार, तुझ्या आईचं होतं तेवढंही मी मोडून ठेवलं म्हणून?

दोन दिवस वाट बघितली. मग मशिनाचा डबा युरियाच्या धुतलेल्या पोत्यात घातला आणि एसटीनं बारामतीला निघालो. कंडक्टर म्हणाला, "तात्या, पोत्यात काय हाय? कोंबडं असंल तर तिकीट पडंल."

"कोंबडं असतं तर वरडलं असतं. हे मुकं झालंय म्हणून तर निघालोय."

कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार, मला मुलगा असता तर त्याच्या वयाचा होता. त्यानं डबा आपल्या पडद्याला जोडला, बघितलं आणि लगेच काढला.

"आजोबा, लिनक्स हाय हे. फॉरमॅट मारतो आन् विंडोज टाकतो. संध्याकाळपतुर तयार."

"आत लिहिलेलं हाय, त्याचं काय?"

"ते जाणार. एवढं काय हाय त्यात?"

"बायकूनं लिहिलंय."

"आजी लिनक्स वापरायच्या?" तो हसला.

"हसायला काय झालं? तुला येत न्हाय, तिला येत हुतं."

तो वाईट नव्हता. चहा मागवतो म्हणाला. मी डबा पोत्यात घातला आणि स्टँडवर आलो. येताना गर्दी होती, उभ्यानं आलो असतो, पण एका बाईनं पोतं बघून जागा दिली. डबा मांडीवर घेतला. सबंध रस्ता एकच विचार, हा म्हणतो तसंच असलं तर? सगळं गेलंच असलं तर?

रविवारी दुपारी शेवटी मीच लेकीला फोन लावला. मशिन कसं आत घेऊन बाहेर काढतं ते सांगितलं. तिनं विचारलं, "कधीपास्नं असं होतंय?" मी सांगितलं. "आन् आज सांगताय?" मी म्हणालो, रागवायचं असलं तर नंतर रागव.

तिनं फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. "कंट्रोल, आल्ट आणि वरच्या ओळीतलं एफ दोन. तिन्ही एकदम दाबा."

पडदा पार काळा झाला. वर पांढरी ओळ आणि एक रेघ लुकलुकत होती.

"लॉगिन म्हणून इचारतंय."

"आईचं नाव टाका. इंग्रजीत. सगळी लहान अक्षरं."

मी बटणांकडं बघत बसलो. नेहमीच्या पानावर तिचं नाव आपोआप आलेलं असायचं, मी फक्त पासवर्ड टाकायचो. आमच्याकडं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. बायका निदान उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात. मी तिचं नाव लग्नात एकदा घेतलं, तेही पोरींनी दार अडवलं म्हणून. पुढं सगळा जन्म 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर निघाला. रेशनकार्डावर तिचं नाव तलाठ्याच्या माणसानं लिहिलं. दवाखान्यातल्या शेवटच्या कागदावरही दुसऱ्यानंच लिहिलं, मी खाली सही केली.

"तात्या? टाकलं का?"

"अक्षरं सांग."

"आईचं नाव येत न्हाय तुमाला?"

"मराठीत येतं. इंग्रजीत कधी काम पडलं न्हाय."

ती एकेक अक्षर सांगू लागली. मी एकेक शोधून दाबू लागलो. तिसऱ्या अक्षराला तिचा आवाज थांबला.

"पुढचं," मी म्हणालो.

"थांबा तात्या."

"थांबलोय."

बाहेर म्हैस ओरडत होती, तिची पाण्याची वेळ झाली होती. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुढचं अक्षर आलं. नाव पुरं झालं. काळ्या पडद्यावर पांढरं, बारीक. मी ते पुरतं वाचलं आणि मग एंटर दाबलं.

पासवर्डला नवीनच भानगड. "दाबतोय, पण काय उमटतच न्हाय."

"हितं उमटत नसतं. टाका नि एंटर मारा."

आत घेतलं. तिनं एक छोटा हुकूम, कमांड म्हणतात ते, टाकायला सांगितला. खाली आकड्यांच्या ओळी आल्या. एका ओळीत शंभर टक्के होतं, ते मी वाचून दाखवलं.

"डिस्क भरलीय," ती म्हणाली. "जागाच नाही, म्हणून उघडत नाही. मोडलं नाही तात्या."

मी म्हणालो, आधी आईचं लिखाण दाखव. तिनं सांगितलं तसं टाकलं. पडद्यावर नुसत्या चौकोनांच्या ओळी आल्या. अक्षर एकही नाही.

"सगळे चौकोन झाल्यात गं."

"काळ्या पडद्यावर मराठी दिसत नसतं. नावं मराठीत असतील म्हणून चौकोन."

"म्हंजी लिहिलेलं हाय न्हवं?"

"असंल."

"असंल म्हंजी?"

"तात्या, आधी जागा करू. मग डोळ्यांनी बघा."

मग स्नॅपशॉटची यादी काढली. पडदाभर ओळी, वर सरकून जात होत्या. चाळीसच्या वर होते. ती म्हणाली, "एवढे कुणी घेतले?"

"मी. रोज एक."

"कशाला?"

"बेणं म्हणून. आईनं केलेलं मोडू नये म्हणून."

ती म्हणाली, "हे पुसावे लागतील."

"बेणं कारखान्याला घालू व्हय?"

"तात्या, ऐका. ह्यात आईचं लिहिलेलं एक अक्षर नाही. स्नॅपशॉट फक्त मशिनाचा असतो. आईच्या फाइली त्यात घेतच नाही तो. मीच तसं लावलं होतं. त्या बाहेर आहेत, होत्या तिथंच. त्यांची दुसरी प्रत कुठंच नाही."

मी पेंडीच्या डब्यावरून उठलो आणि परत बसलो. दीड महिना रोज सकाळी मी काय राखत होतो? ज्यात ती नव्हती ते राखलं, आणि ज्यात ती होती त्याला जागा ठेवली नाही. त्या दुकानदाराला हो म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळं पुसून तयार होतं.

"आन् बेणं म्हणालात तर," लेक हळूच म्हणाली, "जुनाट बेणं कोण लावतं? डोळं तरी फुटतात का त्याचं?"

शेतकऱ्याचीच पोर ती. मी म्हणालो, सांग काय दाबायचं ते.

एकेक पुसत गेलो. शब्द, मधली जागा, दोन आडव्या रेघा, तारीख. एक अक्षर चुकलं की मशिन नाही म्हणायचं. मध्ये उठून म्हशींना पाणी दाखवून आलो, तवर लेक फोनवर तशीच थांबली होती. सगळ्यात जुना एक होता, तिच्या आईनं स्वतः घेतलेला. ती म्हणाली, "हवा तर हा राहू द्या, एकानं काय होत नाही." मी म्हणालो, "मशिनच हाय न्हवं त्यात? मग जाऊ दे." तोही पुसला. फक्त कालपरवाचा एक ठेवला.

मशिन बंद करून चालू केलं. पासवर्ड टाकला. पडदा उघडला. मी कपाट उघडलं आणि महिन्यांची नावं मराठीत रांगेनं दिसली. लेकीला म्हणालो, हाय. ती म्हणाली, आता ठेवते, आणि ठेवला.

मी मधलीच एक फाइल उघडली. माझं वाचन सावकाश.

'आज कालवड सुटून लोकाच्या घासाच्या रानात गेली. हे दिवसभर रागात. जेवताना बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. रेडिओ लावला.'

तो दिवस मला आठवत नव्हता. पुढं वाचलं नाही. संध्याकाळी वस्तीवरून निमगावात जाऊन मोबाइलच्या दुकानातून एक पेनड्राइव्ह आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा झाल्या, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि मशिन लावलं. स्नॅपशॉट घेतला नाही. मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं तसा पेनड्राइव्ह खोचला, तिचं सगळं लिखाण निवडलं, कॉपी केलं आणि पेस्ट दाबलं. वाटलं होतं, आता तासभर लागणार, म्हणून चहा घेऊनच बसायचं ठरवलं होतं. पडद्यावर काहीतरी चमकलं आणि गेलं. मला वाटलं, झालंच नाही. परत पेस्ट दाबलं. मशिननं विचारलं, ह्या फाइली तिथं आधीच आहेत, त्यांच्या जागी ह्या टाकू का? मी पेनड्राइव्ह उघडून बघितला. सगळे महिने होते. दोन वर्षांचं लिखाण, आधणाला उकळी फुटायच्या आत झालं होतं. मी 'नको' दाबलं, मशिन बंद केलं, पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात घालून बटण लावलं आणि लेकीकडं जायला पुण्याची गाडी धरायला फाट्यावर गेलो.