भिंतीच्या लाइनमधली अँटेना

"तार अशी तिरपी कावून लावून राहिले तुम्ही? भिंतीच्या लाइनमध्ये घ्या ना. डायरेक्टर साहेब येऊन राहिले पाहाले!"

हे वानखेडे साहेब, खनिज कंपनीचे मॅनेजर. मी टेलिकॉममधून रिटायर झालेला त्यांचा सल्लागार. भिलाईजवळ, नंदिनी नगरच्या बाजूला असलेल्या कंपनीच्या आवारातून ओडिशाच्या डोंगरातल्या ड्रिलिंग कॅम्पशी रेडिओवर बोलायचं होतं. कॅम्पवर मोबाइल लागत नाही. सॅटेलाइट फोनची परवानगी अडकलेली. तिथे कुणाला लागलं-खुपलं तर भिलाईच्या डॉक्टरला विचारायला रेडिओ हा एकच आधार.

त्यासाठी आम्ही लाँग वायर अँटेना लावत होतो, म्हणजे खांबांवर ताणलेली लांबलचक तार. पण तिचा सिग्नल सगळीकडे सारखा जात नाही. काही दिशांना जोरात जातो, ते लोब. मधल्या काही दिशांना जवळजवळ जातच नाही, तो नल. तारेची लांबी, उंची, जमीन कशी आहे, हे कॉम्प्युटरमध्ये भरलं की पाकळ्यांसारखं चित्र निघतं. माझ्या मॉडेलमध्ये तार तिरपी ठेवली तर मोठी पाकळी कॅम्पवर जात होती. आवाराच्या भिंतीला समांतर ठेवली तर कॅम्प नेमका नलमध्ये.

"मग कॉम्प्युटरमध्ये थोडं फिरवून द्या ना," साहेब म्हणाले.

"साहेब, चित्र फिरवल्यानं सिग्नल नाही फिरत."

"तुमाले सगळ्यातच अडचण दिसते."

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या आम्हा लोकांना सरळ रेषेचं भारी वेड. क्वार्टर रांगेत, झाडं रांगेत, आणि व्हिजिट म्हटली की रस्त्याकडेच्या दगडांनाही चुना. मी एका लग्नासाठी नागपूरला जाऊन आलो, तर खांब भिंतीलगत उभे! वर पांढरा रंग. प्रेझेंटेशनमध्ये माझंच चित्र, पाकळी कॅम्पवर येईल इतकं फिरवलेलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"व्हिजिट होऊ द्या, मग पाहू," साहेब म्हणाले.

डायरेक्टर आले. "बहुत बढ़िया लाइन है. अब कैंप से बात कराइए."

नुसती खरखर. बोलावून बोलावून माझा घसा बसला. डायरेक्टर चहा पिऊन गेले.

संध्याकाळी मोबाइलवर कॅम्पच्या कंपाउंडरचा, रामटेकेचा फोन आला. "साहेब, सकाळपासून बोलवून राहिलो, कोनी ऐकूनच नाई राहिलं. एका मजुराचा हात पाइपखाली आला. नेटवर्क भेटेपर्यंत जीप पळवली."

हात वाचला, दोन बोटं गेली.

दुसऱ्याच दिवशी खांब तिरपे हलले. रामटेकेचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "आता साफ ऐकू येऊन राहिलं. साहेब, हे पयलेच कावून नाई केलं?"

मी माइक वानखेडे साहेबांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबून विचारलं, "जेवण झालं का, रामटेके?"

तेव्हापासून मी मॉडेलचं चित्र कुणाला पाठवत नाही. खांबांच्या जागी स्वतः खुंट्या ठोकतो, आणि व्हिजिट उरकेपर्यंत कुणाच्या लग्नाला जात नाही.