नको म्हणायची रीत

नेरळच्या विष्णू मास्तरांच्या घरात मागायची सवय कुणालाच नव्हती. दुसऱ्याच्या घरी कुणी लाडू पुढे केला तर मुलांनी आधी नको म्हणायचं आणि पुन्हा आग्रह झाला की घ्यायचा, असं तिथलं वळण. मास्तरांची सुनीती त्यातच वाढली. नवऱ्यापासून, गंधारपासून वेगळी होताना वडिलांच्या शब्दाखातर तिनं लिहून दिलं, मला आणि मुलीला काही नको. मास्तरांची मान ताठ राहिली. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला, पेन्शन औषधांतच जाऊ लागली, आणि त्या ताठ मानेचा काडीचाही उपयोग नाही हे घरात सगळ्यांना कळलं.

सुनीती बालवाडीत शिकवायची. तिच्या मानधनात किराणा आणि गॅस भागायचा, लेकीची, तनयाची कर्जतची शाळा नाही. फी आली नाही तर पुढच्या सत्रात मुलीला ठेवता येणार नाही, असं शाळेनं सांगून टाकलं होतं. मग सुनीतीनं अभिमान गिळला आणि मुलीच्या पोटगीसाठी अर्ज केला. तिची वकील फराह म्हणाली की आईनं लिहून दिलं म्हणून लेकीचा हक्क बुडत नाही. त्या रात्री सुनीतीला जरा बरी झोप लागली.

पण गंधारही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. शनिवार-रविवारी मुंबईकरांना भाड्यानं द्यायची त्याची फार्महाऊसं आता आईच्या नावावर होती, आणि कागदोपत्री हा बिचारा तिथला पगारी मॅनेजर! हे खोडून काढता येईल, पण वर्षं जातील, असं फराहनं स्पष्ट सांगितलं. कोर्टानं दोघांना आधी मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थ बाई प्रेमळ होत्या. लेकरू काय म्हणतंय तेही ऐकावं म्हणून त्यांनी तनयाला आत बोलावलं. तिला बघताच गंधारला मायेचा उमाळा आला.

"तनू, शाळेसाठी काय हवंय तुला? सांग, बाबा देईल."

तनया पाहुण्यांसमोर उभी राहते तशी उभी राहिली. "काही नको, बाबा."

सुनीती खुर्चीतून अर्धी उठली.

"बघा," गंधार बाईंकडे वळून म्हणाला, "पोरीला काही नकोय. सगळी हौस हिची."

लहान मुलीच्या बोलण्यानं हक्क ठरत नाही, असं फराहनं ठणकावलं. बाईंनीही तेच सांगितलं. पण गंधारला जोर चढला होता. महिन्याला द्यायचा आपला आकडा त्यानं आणखी खाली आणला. पटलं तर घ्या, नाहीतर केस लढा, म्हणाला. घरी औषधवाल्याची उधारी थकलेली. हाती लागतंय ते सुनीतीला सोडवेना. तेवढ्या पैशांत शाळा बसत नव्हती, हे ठाऊक असून, फराह थांबवत असताना, तिनं सही केली.

बाहेर आल्यावर तिला राग आवरेना. गंधारचा कमी, आपल्या घराच्या वळणाचा जास्त. बाबांना नको कशाला म्हणालीस, असं तिनं लेकीला जरा जोरातच विचारलं.

तनया गोंधळली. "तूच सांगितलंयस ना, आधी नको म्हणायचं. परत विचारलं की मग घ्यायचं."

"अगं, पण ते दुसऱ्यांच्या घरी."

"बाबा दुसऱ्या घरीच राहतात ना?" तनया म्हणाली. "मी थांबले होते गं. त्यांनी परत विचारलंच नाही."