गाणं चालू आहे तोवर

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीत वाकून पाहत होतो. भाची एवढंच म्हणाली, "मामा, बाबा झोपेतच गेले." मी टाकीचं झाकण नीट बसवलं, कडी लावली आणि मग खाली उतरलो... अशा वेळी माणूस काय करतो याचा काही ताळमेळ नसतो. महाडहून कापड्याला पोहोचलो, तर अंगणात निम्मं गाव होतं आणि आजूबाजूच्या वाड्यांतले भजनीबुवा, पखवाजवाले, खालूबाजातले सनईवालेही आले होते. पेटी वाजवणारे बाळारामबुवा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पंच, माझा कान राहिला तो राहिलाच." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं, आणि तरी आम्हा दोघांना हसू आवरेना. शेजारच्या पाहुण्यांनी आमच्याकडे रागाने पाहिलं. त्यांची चूक नव्हती, त्यांना कानाची गोष्ट माहीत नव्हती.

गणपतभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. मुंबईत एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावी परतले ते कागदांचे गठ्ठे घेऊन. छापून, कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या. कुठली वीतभर रुंद आणि हातभर लांब, कुठली तिरकी कापलेली. चित्रकला ते कधी शिकले नव्हते. पण मुंबईत मोठमोठे गायक ऐकूनही आपले आवडते कलावंत इथलेच, हे त्यांचं ठाम मत होतं. एका शिमग्याला पालखी नाचत असताना, खालूबाजाच्या दणदणाटात, त्यांनी माझ्या कानाशी ओरडून सांगितलं की पुढच्या शिमग्यापर्यंत दर आठवड्याला एका आवडत्या कलावंताचं चित्र काढणार.

नियमही त्यांनीच ठरवला. फोटोवरून काढायचं नाही, आठवून काढायचं नाही. समोर गाणं चालू असेल तोवरच पेन्सिल चालवायची. गाणं थांबलं की नंतर एक रेघ नाही. मी म्हटलं, भावोजी, हा काय हट्ट? तर म्हणाले, "नायतर मी खोडत बसेन रे. वर्षात एकच चित्र होईल, आणि तेही वाईट."

मी दुधाचं माप दोनदा बघणारा माणूस. म्हणून गाणं नक्की कधी संपलं हे सांगायला त्यांनी मला पंच नेमलं. दर रविवारी मी स्कूटरने कापड्याला जायचो आणि तिथून आम्ही दोघं पुढे निघायचो. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. बाळारामबुवांचा अभंग संपला तेव्हा कागदावर त्यांची एकच मिशी झाली होती. बुवा म्हणाले, पेटीत अजून सूर हाय. मी निकाल दिला की भात्यात हवा आहे तोवर गाणं चालू धरावं. तेवढ्यात दुसरी मिशी झाली. मग कानासाठी त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेऊ लागले तेव्हा मी हरकत घेतली. कान राहिला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर मी दिसलो की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "डोकी झाका रे, पंच आले. कान कापून नेतात."

कुडपणला एक म्हातारे गुरं राखता राखता बासरी वाजवायचे, पण धून अगदी तोकडी. त्यांचं मुंडासं आणि बोटं तेवढी कागदावर आली. चित्र हातात घेऊन त्यांनी लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "बरा हाय. तोंड दाखवण्यासारखा नव्हताच." पाचाडच्या एका खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बाई गवळण फार गोड म्हणत. त्यांच्या चित्रात भाकरी आहे, तवा आहे, हात नाहीत. हळूहळू नियमाची बातमी पसरली आणि माणसं गाणी लांबवू लागली. एरवी दोन कडव्यांत उरकणारे बुवा पाच-पाच कडवी घेऊ लागले. जेवणं थंड होतात म्हणून बायका मला बोल लावायच्या, भावोजींना कुणी काही म्हणत नसे.

पण त्यांची सगळ्यात आवडती गायिका घरातच होती. ताईला आमच्या आईकडून ओव्या आल्या आहेत. जातं कधीच गेलं, पण तांदूळ निवडताना, भांडी लावताना ती गुणगुणते. कुणी ऐकतंय असं वाटलं मात्र की तोंड बंद. भावोजी वर्षभर स्वयंपाकघराच्या दाराआडून प्रयत्न करत राहिले. एका पट्टीवर नुसता अंबाडा, एकीवर कान आणि कुडी, एकीवर कोपर... ताई म्हणायची, "माझं काय काढताय? बाळारामला काढा, त्याला मिशा तरी हायत." दिवाळीनंतर भावोजींना धाप लागायला लागली. डोंगर चढणं बंद झालं, कलावंतच घरी यायला लागले. एकदा बुवा निघून गेल्यावर भावोजी मला म्हणाले, "हिचं चित्र झालं नाय तर बाकीच्यांचं काढून काय उपयोग?" हे ते हसत म्हणाले नव्हते. ताई आत होती. तिने ऐकलं असावं.

शिमग्याआधीचा रविवार. त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात मोठा कागद काढला आणि दाराआड न लपता सरळ ताईसमोर जाऊन बसले. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्यावर. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तू पंच ना? मग नीट ध्यान दे. मी थांबेपर्यंत यांनी थांबायचं नाय."

आणि ती गायला लागली. आईची ओवी झाली, भावाची झाली, सासरची झाली. चेहरा पुरा झाला, दोन्ही कान झाले, नथ झाली. भावोजींनी समाधानाने मान हलवली, पण गाणं काही थांबेना. नियम त्यांचाच. मग त्यांनी सूप काढलं, तांदूळ काढले, फळीवरचे डबे काढले, गॅसची टाकी काढली, चुलीजवळची मांजर काढली, उंबऱ्यावरचा मी काढला, मला दोन्ही कान दिले. ताई सुपातून नजर न काढता गातच होती, फक्त गालावर हसू दिसत होतं. शेवटी कागदावर बोट टेकायला जागा उरली नाही. भावोजींनी हात वर केले. "थांब गो आता. पंच, कागद संपला."

ताईला इतकं हसू फुटलं की ओवी अर्ध्यावरच राहिली. पण तिने आधी मलाच बजावलं, "कागद त्यांचा संपला. माझं गाणं संपलेलं नाय. कोण हरलं ते सांग." नियमात गाणं थांबण्याचं होतं, कागद संपण्याचं काहीच नव्हतं. मी निकाल राखून ठेवला. पुढे महिनाभर भावोजी रोज फोनवर विचारायचे, लागला का निकाल? मी म्हणायचो, विचार चालू आहे. त्यांना तो उशीर आवडत होता, असं मला वाटतं.

ते गेल्यानंतरही मी रविवारी कापड्याला जातो. सवय आहे. ते चित्र स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपाच्या वर भिंतीला टांगलं आहे आणि पिंपाच्या झाकणावर नखाएवढी उरलेली पेन्सिल आहे, ती कुणी हलवत नाही. ते गेले तेव्हापासून ताईचं गुणगुणणं बंद होतं. भाचीने मला दोनदा सांगितलं होतं, मामा, घर फार शांत झालंय.

गेल्या रविवारी मी उंबऱ्यावर चहा घेऊन बसलो होतो. ताई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिने मान वर करून चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "निकाल दिला नायस अजून."

मी म्हटलं, "कसा देऊ? तुझी ओवी अर्धी राहिलीय."

तिने सूप दोनदा पाखडलं, एक खडा वेचून बाजूला टाकला. मग त्या दिवशी हसण्यात राहून गेलेला ओवीचा अर्धा भाग तिने हलक्या आवाजात घेतला, आणि त्याला जोडून पुढची ओवी. मी कप आवाज न करता खाली ठेवला. मी तिच्या अगदी समोर होतो, तिला दिसत होतो... ती थांबली नाही.