यशोधराबाईंची माफी

कामठ्याच्या अंगणवाडीत आहाराचे धडे देणाऱ्या यशोधराबाईंनी सदा थकलेल्या धुरपताला सगळ्या बायांसमोर सुनावलं होतं, "दाळ-भाजी खात जा, आळस सोड!" धुरपताचा थकवा काही गेला नाही.

पुढे २००९ साली आलेल्या तापानंतर तोच थकवा यशोधराबाईंना जडला. अंडी, दाळ, पालेभाजी खाऊनही खिचडीनं भरलेला गंज उचलला की दोन दिवस अंथरूण.

"खाणं हवंच, पण नुसत्या खाण्यानं हा थकव्याचा आजार जात नाही. झेपेल तेवढंच करा," डॉक्टर म्हणाले.

शरमेनं त्या धुरपताच्या घरी गेल्या. "मी चुकली गं," खालमानेनं म्हणाल्या.

"बोलल्या चारचौघींत, अन् माफी घरात काऊन मागून राहिल्या, मॅडम?"

पुढच्या बैठकीत उभं राहायचं बळ नव्हतं. भिंतीला टेकून, बसूनच त्यांनी सगळ्यांसमोर धुरपताची माफी मागितली.